दोन कपाटं कागद आणि टॅली: आधी क्रमांक, मग सॉफ्टवेअर

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मशिनिंगचं वर्कशॉप आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग जॉबवर्कला येतं. आठेक वर्षांची खरेदीची बिलं, डिलिव्हरी चलनं, टेस्ट सर्टिफिकेटं (टीसी), वजनकाट्याच्या म्हणजे काटा पावत्या असे अंदाजे ४०,००० कागद दोन कपाटांत आहेत. हे सगळं स्कॅन करून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप चढवणारं सॉफ्टवेअर कोणतं? मराठी कागद वाचता येतील का? आणि काम झाल्यावर कागद रद्दीत घालता येतील का?

यात दोन वेगळी कामं एकत्र झाली आहेत, ती आधी सोडवून घेऊ. एक काम म्हणजे हवा तेव्हा कागद सापडणं. दुसरं म्हणजे कागदावरचे आकडे हिशेबात जाणं. पहिलं काम स्वस्त आहे आणि खात्रीने होतं. दुसरं महाग आहे, चुका त्यातच होतात, आणि जुन्या कागदांसाठी त्याची गरजच नाही. आठ वर्षांची बिलं तुमच्या टॅलीत आधीच चढलेली आहेत, त्यांची रिटर्नं भरून झाली आहेत. ती पुन्हा वाचून पुन्हा चढवली तर दुबार नोंदी होतील आणि त्या शोधून काढण्यात पुढचं वर्ष जाईल. म्हणून जुन्या कागदांसाठी फक्त शोधण्याची सोय करा. आकडे वाचून टॅलीत घालण्याची व्यवस्था आजपासून येणाऱ्या कागदांसाठी ठेवा.

जुन्यातलंही सगळं स्कॅन करायचं का, हे तुमच्यावर अवलंबून आहे. गेल्या वर्षभरात ते कपाट कशासाठी उघडावं लागलं, एवढं ऑफिसात बसून आठवा. जॉबवर्कच्या धंद्यात कारणं बहुधा तीनच असतात. गिऱ्हाइकाची तक्रार येते आणि हीट नंबरवरून (ओतकामाच्या एका घाण्याचा क्रमांक) टीसी काढावी लागते. फाउंड्री विचारते, आमचे अमुक नग कुठल्या चलनाने परत आले. किंवा जीएसटीची नोटीस येते आणि ठरावीक बिलं मागितली जातात. या तीन प्रश्नांची उत्तरं देणारे कागदच आधी घ्या. पेट्रोलची बिलं, कुरिअरच्या पावत्या, जुनी कोटेशनं यांना हात लावू नका.

वेळेचा हिशेब आत्ताच मांडलेला बरा. मिनिटाला ४० पानं ओढणारा स्कॅनर कागदोपत्री ४०,००० पानं १७ तासांत संपवतो. प्रत्यक्षात टाचण्या काढणं, दुमडलेले कोपरे सरळ करणं, फाटक्या पावत्या कोऱ्या कागदावर चिकटवणं यातच दिवस जातो. एक माणूस दिवसाला १,५०० पानं नीट करून देत असेल तर तो चांगलं काम करतो आहे असं समजा. म्हणजे नुसतं स्कॅनिंग जवळपास महिनाभर. त्यात समजा २५,००० वेगवेगळे दस्त निघाले आणि प्रत्येकाची माहिती भरायला ३० सेकंद लागली, तर ते आणखी २०८ तास, म्हणजे आठ तासांचे २६ दिवस. स्कॅनर विकणारा फक्त पहिला आकडा सांगतो.

आता क्रमांकाकडे येतो, कारण सगळी व्यवस्था त्याच्यावर उभी राहते. प्रत्येक दस्ताला एक सरळ, चढता, अर्थ नसलेला क्रमांक द्या: ०००००१ पासून पुढे. कोड-१२८ प्रकारच्या बारकोडची स्टिकरं आधीच छापून घ्या, दस्ताच्या पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात एक चिकटवा. तोच क्रमांक फाइलच्या नावात आणि तोच टॅलीतल्या व्हाउचरच्या नॅरेशनमध्ये, म्हणजे शेऱ्यात. क्रमांकात वर्ष, खातं, पार्टी असलं काही कोंबू नका. पार्टीचं नाव बदलतं, चुकीच्या खात्यात गेलेलं बिल दुसरीकडे जातं आणि मग क्रमांक खोटं बोलायला लागतो. बाकीची माहिती वेगळ्या रकान्यांत असू दे. खरेदी बिलासाठी पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम. चलनासाठी पार्टी, चलन क्रमांक, तारीख, पार्ट आणि नग. टीसीसाठी फाउंड्री, ग्रेड आणि हीट नंबर. काटा पावतीला स्वतंत्र दस्त मानू नका, ती ज्या बिलाची आहे त्याच्याच मागे दुसरं पान म्हणून जाऊ दे. रकाने वाढवायचा मोह होतो, पण जो रकाना कुणी कधी शोधणार नाही तो भरणारा माणूस आठवड्याभरात कंटाळून काहीही भरायला लागतो.

जुन्या बिलांच्या बाबतीत टॅलीत मागे जाऊन नॅरेशन बदलत बसायची गरज नाही. परचेस रजिस्टर एक्सेलमध्ये काढा, त्यात पुरवठादाराचा बिल क्रमांक असतोच, त्यासमोर दस्त क्रमांकाचा रकाना जोडा. संस्था कंपनी कायद्याखाली नोंदलेली असेल तर हे विशेष पाळा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं आहे. हजारो जुन्या व्हाउचरांत एकाच महिन्यात बदल दिसले की ऑडिटर विचारणारच.

स्कॅनिंगची मांडणी. ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), रंगीत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. २०० वर बारीक आकडे फुटतात, ६०० वर फायली फुगतात आणि वाचन फारसं सुधारत नाही. रंगीत का, तर तुमच्या चलनांमुळे. नियमाप्रमाणे माल जाताना चलन तीन प्रतींत निघतं आणि तुमच्या फाइलला बहुधा गुलाबी किंवा पिवळी कार्बन प्रत असते. थेट काळं-पांढरं स्कॅन केलं तर गुलाबी कागद करडा होतो आणि फिकट कार्बन त्यात बुडतो. रंगीत स्कॅनमधून फक्त लाल चॅनल घेतला की गुलाबी आणि पिवळा कागद जवळपास पांढरा होतो आणि निळं अक्षर गडद उठतं. लाल शिक्का आकड्यावर पडला असेल तर तोही याच युक्तीने पुसट होतो. उलट निळा चॅनल घेतला तर पिवळा कागद काळवंडतो, हे ध्यानात ठेवा.

काळं-पांढरं आणि घट्ट दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) फाइल टाळण्याचं आणखी एक कारण आहे. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिसेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्सची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती, सहाचा आठ होत होता. दोष अक्षर वाचण्याचा नव्हता, जेबिग-टू या दाबण्याच्या पद्धतीचा होता. ती सारखी दिसणारी अक्षरं एकच मानून एकाचं चित्र दुसऱ्याच्या जागी वापरते. पान स्वच्छ दिसतं, आकडा स्पष्ट दिसतो आणि तो चुकीचा असतो. स्कॅनरच्या मांडणीत ही पद्धत लॉसी रूपात (म्हणजे मूळ चित्रातला तपशील गाळणारी) असेल तर बंद करा. जागा वाचवण्याचा हव्यास इथे कामाचा नाही. पानाला अर्धा एमबी धरला तरी तुमचं सगळं दप्तर २० जीबीत बसतं.

फीडरच्या स्कॅनरमध्ये अल्ट्रासॉनिक डबल-फीड ओळखण्याची सोय आहे का ते पाहूनच घ्या. दोन कागद एकत्र गेले तर एक दस्त कायमचा हरवतो आणि ते कुणाला कळतही नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कागद दमट असतात, एकमेकांना चिकटतात, म्हणून मोठं जुनं काम दिवाळीनंतर काढा. शॉप फ्लोअरवरून आलेल्या चलनांना तेल आणि ग्रॅफाइटची काजळी लागलेली असते. प्रत्येक पानावर एकाच जागी उभी रेघ दिसायला लागली तर स्कॅनर बिघडलेला नाही, फीडरखालच्या काचेच्या अरुंद पट्टीवर डाग बसला आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसा, रोलरही त्यानेच. डॉट मॅट्रिक्सच्या फिकट प्रिंटवर ठिपके सुटे राहतात आणि यंत्राला अक्षर जोडता येत नाही. तिथे प्रतिमा वाचनाआधी किंचित धूसर केली तर वाचन सुधारतं. काटा पावत्या थर्मल कागदावर असतात, त्या सगळ्यांत आधी स्कॅन करा कारण त्यांवरची अक्षरं उडून जातात. त्यांना लॅमिनेशन करू नका, उष्णतेने पूर्ण काळ्या पडतात.

फोनचा कॅमेरा एखाद्या-दुसऱ्या पावतीला ठीक आहे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली बिलं मात्र स्वीकारू नका. ती दाबली जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

यानंतर वाचन. इथे माझं मत तुमच्या अपेक्षेच्या उलट आहे: खरेदी बिलं वाचायला ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं यंत्राने वाचणं) हा शेवटचा पर्याय ठेवा. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या विक्रेत्याला ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीची आहे. त्यावरच्या क्यूआर कोडमध्ये विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, किती ओळी आहेत, मुख्य मालाचा एचएसएन (वर्गीकरणाचा कोड), आयआरएन (पोर्टलने दिलेला नोंदणी क्रमांक) आणि तो निघाल्याची तारीख एवढं असतं, तेही सही केलेलं. साध्या फोनवर तो कोड अक्षरांची लांबलचक माळ दाखवतो. टिंबांनी जोडलेल्या तीन भागांपैकी मधला भाग उलगडला की माहिती मिळते, हे काम चार ओळींचा प्रोग्राम करतो. बिलातल्या मालाच्या ओळी त्यात नसतात, पण तुमचे चारही रकाने त्यातून अचूक मिळतात. कोडवर घडी किंवा शिक्का पडला असेल तेवढाच अडतो, म्हणून बिलावर शिक्का कुठे मारायचा हे स्टोअरच्या माणसाला दाखवून ठेवा.

ज्यांना ई-इन्व्हॉइस लागू नाही त्यांची बिलं तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (पुरवठादारांच्या रिटर्नवरून आपोआप बनणारं विवरण) येतात. जुलै २०२० पासूनचं हे विवरण पोर्टलवरून एक्सेलमध्ये उतरवता येतं आणि चालू महिन्याचं पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. तिमाही रिटर्न भरणाऱ्या छोट्या पुरवठादाराचं बिल उशिरा दिसेल, पण दिसेल. म्हणजे कागदावरून वाचायचे उरतात ते फक्त बिलातला माल आणि ज्यांचं बिल कुठेच नाही असे काही जण.

उरलेल्यांसाठी टेसरॅक्ट हा ओसीआरचा प्रोग्राम पुरेसा आहे. तो फुकट आहे, खुला आहे, मूळचा एचपीचा. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून न्यूरल पद्धतीने वाचतो आणि त्यात मराठीचा भाषासंच आहे. विंडोजवर एनएपीएस-२ हे स्कॅनिंगचं फुकट सॉफ्टवेअर त्यालाच आतून वापरतं. दस्त साठवून शोधण्यासाठी पेपरलेस-एनजीएक्स घ्या. ऑफिसातल्याच एखाद्या संगणकावर डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवण्याची सोय) चालतं, ठरवून दिलेल्या फोल्डरमधली फाइल स्वतः उचलतं, बारकोडवरून दस्त वेगळे करतं, स्टिकरचा क्रमांक वाचतं आणि तुमचे रकाने ठेवतं. ते टॅलीशी बोलत नाही. त्याची गरजही नाही, दोघांमध्ये क्रमांक आहे.

वाचलेला आकडा बरोबर आहे का, हे ठरवणं हेच खरं काम. सुदैवाने आपली बिलं स्वतःच स्वतःला तपासतात. जीएसटी क्रमांकाची पंधरा अक्षरं ठरलेल्या साच्याची असतात: पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅन, म्हणजे पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. चौदावं सहसा झेड, आणि पंधरावं आधीच्या चौदांवरून गणिताने निघतं. त्यामुळे शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस, आठ आणि बी यांतला गोंधळ जागेवरूनच सुधारता येतो आणि शेवटचं अक्षर जुळलं नाही तर वाचन चुकलं हे कळतं. रकमेसाठी करपात्र मूल्य, कर आणि राउंड ऑफ यांची बेरीज एकूण रकमेशी जुळली पाहिजे, सीजीएसटी आणि एसजीएसटी समान पाहिजेत. पुरवठादार २७ चा, म्हणजे महाराष्ट्रातला, असेल तर तुमच्या बिलावर सहसा ही जोडी, निपाणी-बेळगावचा २९ चा किंवा गोव्याचा ३० चा असेल तर आयजीएसटी. आपण सीमेवर असल्याने ही चाचणी रोज उपयोगी पडते. कराचा दर मात्र नियमात पक्का लिहू नका, तारखेशी बांधा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले तेव्हा दर पक्के लिहिलेल्या तपासण्या बरोबर असलेली बिलंही नाकारू लागल्या. शेवटी पुरवठादार, आर्थिक वर्ष आणि बिल क्रमांक ही तिकडी आधी आली आहे का ते पाहा, दुबार बिल इथेच अडतं. या चाचण्यांत नापास झालेलं प्रत्येक बिल माणसाने बघायचं, पास झालेलं न बघितलं तरी चालतं.

टॅलीप्राइमच्या ४.० आवृत्तीपासून एक्सेलमधून सरळ आयात होते, त्यामुळे मधल्या महागड्या कनेक्टरची गरज बहुतेकांना नाही. घोटाळा टॅलीत होत नाही, एक्सेलमध्ये होतो. बिल क्रमांक ०४५ असेल तर एक्सेल ४५ करतं, ५-१२ असेल तर तारीख करतं, बारा अंकी ई-वे बिल क्रमांक आखडून दाखवतं. माहिती घालण्याआधी ते रकाने टेक्स्ट करा आणि सीएसव्ही फाइल डबल क्लिकने कधीच उघडू नका. बिल क्रमांकात तिरकी रेघ चालते, पण विंडोज फाइलच्या नावात ती चालत नाही, म्हणूनही फाइलला बिल क्रमांकाचं नाव न देता दस्त क्रमांकाचं द्यायचं. लेजरचं (पार्टीच्या खात्याचं) नाव टॅलीत आहे तसंच्या तसं हवं. 'अँड कंपनी' आणि 'अँड को.' ही टॅलीसाठी दोन माणसं आहेत. म्हणून नावावरून नाही, जीएसटी क्रमांकावरून लेजर शोधणारा एक तक्ता करून ठेवा. पहिली आयात नेहमी टॅलीतल्या तुमच्या डेटाच्या प्रतीवर करून बघा.

मराठी कागदांबद्दल. छापील मराठी, म्हणजे ग्रामपंचायतीची पावती, वीजबिल, सरकारी पत्र, टेसरॅक्ट शोधण्यापुरतं चांगलं वाचतो. देवनागरी आकड्यांत १ आणि ९, ५ आणि ६ यांत तो चुकतो, त्यामुळे रकमेवर विसंबू नका. इंग्रजी बिलांना मराठीचा संच जोडू नका, वेळ वाढतो आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी भलतंच उमटतं. मराठी कागदांचा वेगळा फोल्डर करा. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधून बनलेल्या पीडीएफमध्ये एक छुपी अडचण असते. त्यात मजकूर आहे असं सॉफ्टवेअरला वाटतं म्हणून ते वाचन वगळतं, आणि आतला मजकूर युनिकोड नसल्याने शोधात काहीच सापडत नाही. अशा फायलींना ओसीआर सक्तीने लावायचा.

हस्ताक्षर, म्हणजे चलन बुकं आणि आवक-जावक रजिस्टरं, टेसरॅक्टच्या आवाक्यात नाहीत. नवी एआय मॉडेलं हस्ताक्षर खरोखर बरं वाचतात. पण जिथे वाचता येत नाही तिथे ती जागा रिकामी न सोडता शोभेल असा आकडा बसवतात आणि चलनावर बेरीज नसल्याने ती चूक पकडायला काही साधन नसतं. चलनाचे पाच रकाने माणसाने टाइप करणं मला अजूनही परवडणारं वाटतं. नग महत्त्वाचे असतील तर दोघांनी स्वतंत्र टाइप करून फरक तपासायचा. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला पाहिजे हा नियम फाउंड्रीवर आहे, आयटीसी-०४ हा जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म तीच भरते, पण तारीख विचारायला फोन तुमच्याकडेच येणार. कामगारांचे आधार, पगारपत्रकं असल्या गोष्टी बाहेरच्या ऑनलाइन सेवेत चढवू नका.

रद्दीचा प्रश्न. जीएसटीखाली वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने दप्तर ठेवावं लागतं. २०२३-२४ च्या रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे ते कागद ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर ती निकालात निघाल्यावर आणखी एक वर्ष, किंवा हे ७२ महिने, यांत जे उशिरा संपेल ते. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचरं आठ आर्थिक वर्षं. टीसी किती वर्षं ठेवायची हे गिऱ्हाइकाच्या ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं, ते वाचा. स्टॅम्प पेपरवरचे करार आणि सही-शिक्क्याचे मूळ दस्त कधीच रद्दीत जात नाहीत. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक प्रत पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून गणिताने निघणारा तिचा ठसा) विचारतात. स्कॅन झालं त्या दिवशीच प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ हॅश काढून यादी ठेवली तर पुढे धावपळ होत नाही. मुदत संपलेली वर्षं तुमच्या सीएंना विचारून थेट बाहेर काढा, त्यांना स्कॅन करण्यात पैसे घालू नका.

प्रती तीन ठेवा, त्यातली एक इमारतीबाहेर. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तळमजल्यावरची दप्तरं कशी गेली ते कोल्हापुरात वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीला लागली की कपाटं वर हलवायला माणसं मिळत नाहीत. बाहेरची प्रत क्लाउडवर असो किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडच्या हार्ड डिस्कवर, महिन्यातून एकदा त्यातून कुठलाही एक दस्त क्रमांक काढून उघडतो का ते पाहा.

सुरुवात करताना कुणालाही पैसे देण्याआधी तुमच्याच कपाटातले १०० कागद वेचा: वीस छापील बिलं, तीस कार्बन चलनं, वीस टीसी, दहा डॉट मॅट्रिक्स, दहा काटा पावत्या, दहा मराठी. ज्याचं सॉफ्टवेअर घ्यायचं त्याला ते तुमच्यासमोर चालवायला लावा आणि किती रकाने बरोबर आले एवढंच विचारू नका. चुकलेल्यांपैकी किती चुका सॉफ्टवेअरने स्वतः दाखवल्या, ते मोजा.